पुठ्ठ्यात सगळं बसतं

३ जून

प्रिय टिल्लू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. तुमच्या त्या दुर्बिणीच्या आवारात मोबाइलला बंदी आणि वर्कशॉपच्या ईमेलवर लिहावं तर तुझे दादा माझ्याआधी वाचणार. म्हणून हे कटकारस्थान कागदावर.

तर बाई, मला दोन गोष्टी सांग. मदरबोर्ड म्हणजे काय? आणि तो विकत घ्यायला माणसाला किती महिने लागतात?

हसू नकोस. आमच्या पुढच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही. एक काचेच्या दाराचा डबा आलाय, त्यात मी आडवी मावेन. विटेएवढं एक ग्राफिक्स कार्ड आलंय. वीज पुरवणारा ठोकळा, मेमरीच्या पट्ट्या, पंखे, सगळं आलंय. प्रोसेसर नावाची एक चपटी चौकोनी वस्तू आलीय, तिला हे देवासारखी कपाटात ठेवतात. नाही आला तो फक्त मदरबोर्ड. आणि कॉम्प्युटरच्या दुकानातली मुलगी म्हणते, "काकू, बाकी सगळं त्याच्यावरच बसतं." म्हणजे आम्ही पाया सोडून पडदे आधी आणले!

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. आमच्याकडे नाट्यगृहाचं काम आलंय. आर्किटेक्टबाई तुला माहीत आहेत, हे वर्षानुवर्षं त्यांच्या इमारतींची मॉडेलं करतात. त्या म्हणाल्या, "मॉडेल तर हवंच, पण समितीला पडद्यावर आत फिरून दाखवायचंय. दारातून शिरायचं, खुर्च्यांमधून चालायचं, रंगमंचावर दिवे पडलेले बघायचे. दोन्ही तुमच्याकडून होणार असेल तर काम तुमचं. नाहीतर मला मोठ्या कंपनीकडे जावं लागेल." सप्टेंबरअखेर दाखवायचंय. यंदा दुसरं काम नाही. हे गेलं तर वर्कशॉपला कुलूप, इतकं सरळ आहे.

यांनी त्यांच्याच ऑफिसात बसून ते सॉफ्टवेअर शिकून घेतलं. या वयात! मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तर ते मदरबोर्डापाशी येऊन जे अडलंय ते अडलंच. हा नको, त्याची मेमरीची जागा अडचणीत आहे. तो नको, त्याचा खटका बारीक आहे. दुकानात जातात, नुसते वाकून बघतात आणि हात हलवत परत येतात.

आणि आता तर हद्द झाली. पसंतीस उतरलेल्या प्रत्येक बोर्डाचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायला घेतलंय. तंतोतंत त्याच मापाचं. मापं त्यांची, कापणं माझं. हल्ली बारीक सुरी माझ्याच हातात देतात. मागच्या शाळेच्या मॉडेलच्या खिडक्यासुद्धा मीच कापल्या. म्हणतात, "तू कापतेस ते सरळ येतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा कौतुक ऐकलं, तेही पुठ्ठ्यावरून. मी आपली खूश होऊन कापत बसते.

तू कॉम्प्युटरच्या खोलीत आयुष्य काढलंस. घोडं कुठे पेंड खातंय ते सांग. तुझं नाव मी काढणार नाही.

तुझी,
वहिनी

ता. क. चहा अर्धाच कप मागतात हल्ली. तब्येतीसाठी म्हणे. तुमच्या घराण्यात हे खूळ कोणाला होतं का?


१२ जून

वहिनी,

नमस्कार, आणि कटात घेतल्याबद्दल आभार. टपालाची गाडी आमच्याकडे आठवड्यातून एकदा येते, त्यामुळे हा कट बैलगाडीच्या वेगाने चालेल. पण कट तो कट.

मदरबोर्ड म्हणजे दादाच्या भाषेत मॉडेलखालचा पाट. त्यावर रस्ते आधी आखलेले असतात. कुठली इमारत कुठे बसणार आणि कोणाचं कोणाशी बोलणं कुठून होणार, ते त्यावरच ठरतं. प्रोसेसर कितीही दांडगा आण, खालचे रस्ते अरुंद असले तर तो आपला चौकात उभा. म्हणून दादा विचार करतोय यात नवल नाही. नवल हे की इतका करतोय.

पण ते तरी नवल का म्हणावं? लहानपणी चपला घ्यायला गेलो की माझ्या घेऊन व्हायच्या, आईच्या व्हायच्या, दुकानदार शटर अर्धं ओढायचा, आणि दादा एका पायात एक नि दुसऱ्या पायात दुसरी घालून उभा. शेवटी आई म्हणायची, "अनवाणी चल." तेव्हा हा पटकन निवडायचा. त्याला काही झालेलं नाही, त्याला फक्त अनवाणी न्यायला हवं.

आता कामाचं. तीन गोष्टी बघायच्या. बोर्ड डब्यात मावला पाहिजे, मेमरीच्या पट्ट्या त्याच पिढीच्या पाहिजेत आणि प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट त्याच प्रोसेसरचं पाहिजे. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. खोक्यांवर जे काही छापलंय ते सगळं उतरवून पाठव. समजलं नाही तरी उतरव.

एक तक्रार आहे. यंदा माझ्या वाढदिवसाचं पाकीट आलं, त्यावर पत्ता छापील! दरवर्षी दादाच्या हातचा असतो. आमचा टपालगाडीचा ड्रायव्हरसुद्धा ते पाकीट वेगळं काढून ठेवतो, म्हणतो, "बाई, असं अक्षर बघायला मिळत नाही." या वेळी चिकटवलेली पट्टी बघून त्याने मलाच विचारलं, "भांडण झालं का?" आत सहीसुद्धा नाही. विचार तुझ्या नवऱ्याला, बहीण गिऱ्हाईक कधीपासून झाली?

टिल्लू


२४ जून

प्रिय टिल्लू,

वाढदिवसाचं विचारलं. म्हणाले, "गडबडीत होतो." कसली गडबड? दिवसभर पुठ्ठ्याच्या बोर्डांकडे टक लावून बसलेला माणूस! मी जास्त ताणलं नाही. तुझं पत्र आलंय हेच त्यांना माहीत नाही, तर तुझी तक्रार कुठून पोचवू?

खोक्यांवरचं सगळं वेगळ्या कागदावर उतरवलंय. आकडे तिरके आलेत, कारण मी ते कपाटात डोकं घालून लिहिलेत. एका खोक्यावर लिहिलंय ते प्रोसेसरचं नाव की त्याच्या पंख्याचं, यावर माझं माझ्याशीच भांडण झालं. दोन्ही लिहिलंय.

तू शिकवलेलं एकेक मी हळूच सोडून बघितलं. जेवताना म्हटलं, "अहो, सॉकेट जुळलं की झालं ना?" घास हातातच राहिला. "सॉकेट हा शब्द तुला कोणी शिकवला?" मी म्हटलं, दुकानातल्या मुलीने. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तो मोठा बोर्ड डब्यात मावतो, मेमरीही चालते, मग?" तर म्हणाले, "त्याच्या सॉकेटाशेजारी ते धातूचे उंचवटे आहेत, बोटाला जागा नाही." बोटाला जागा! कॉम्प्युटरला लागते ती वीज आणि वारा. बोटाचं काय काम? माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

पुठ्ठ्याच्या बोर्डांनी आता फळी भरलीय. काय देखणे झालेत म्हणून सांगू! परवा कोणी गिऱ्हाईक आलं, त्यातला एक हातात घेऊन म्हणालं, "वा, ही कुठली वसाहत? फ्लॅट शिल्लक आहेत का?" हे हसले नाहीत.

सॉकेटात खऱ्यासारख्या पिना हव्यात म्हणून माझ्याकडून जुन्या ब्रशाचे केस उभे चिकटवून घेतले, चिमट्याने, एकेक. आणि मी बाजारातून येऊन बघते तर रोज ते केस वाकलेले, खोबणीच्या कडा चुरगळलेल्या. घरात मांजर नाही, मूल नाही. विचारलं तर म्हणतात, "गोंद नीट लागला नसेल." माझा गोंद! झाडं लावण्यात हयात गेली माझी. आमच्या कुठल्या मॉडेलमधलं झाड आजवर पडलंय का?

रागाच्या भरात मी बोलून गेले, "नाचता येईना अंगण वाकडं." टिल्लू, एरवी हे अशा वेळी मला दुप्पट सुनावतात. या वेळी नुसते उठून गेले. त्या दिवशी जेवले नाहीत नीट. मला काही कळत नाही. इतकं काय लागलं?

तर आता मी ठरवलंय. आर्किटेक्टबाईंचा दोनदा फोन येऊन गेला, "मशीन उभं राहिलं का?" हे म्हणाले, "होतंच आलंय." होतंय कसलं! म्हणून त्यातला जो बोर्ड सगळ्यात नेटका होता तो मीच मागवलाय. त्याचं नाव त्या कागदावर शेवटी लिहिलंय. पुठ्ठ्याचा प्रोसेसर त्यात घालून बघितला, अगदी चपखल बसला. आमच्या घरात जे पुठ्ठ्यात बसतं ते खऱ्यात बसतंच. तुझं ऐकलं आणि त्यांना अनवाणी काढलं म्हण.

वहिनी


२ जुलै

वहिनी, थांब!

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिताना ओरडतेय.

पुठ्ठ्यात सगळंच बसतं गं. तू पाठवलेल्या आकड्यांवरून सांगते, तुमच्या कपाटातला प्रोसेसर आणि तू मागवलेला बोर्ड यांचं जमणार नाही. बाहेरचं माप अगदी तेच आहे, म्हणून पुठ्ठ्याला फरक कळला नाही. पण खालच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी आणि कडेच्या खाचा वेगळ्या. जबरदस्तीने दाबशील तर दोन्ही जातील. तो बोर्ड आला की उघडूही नका, परत करा. ही चूक जगात फक्त तुमच्या घरात होऊ शकते. मी दोन दिवस हसतेय आणि इथल्या कोणाला सांगायचीही सोय नाही, कारण आधी मॉडेल म्हणजे काय ते सांगावं लागतं.

हातासरशी बसवण्याबद्दलही लिहून ठेवते. तुमच्या जातीच्या प्रोसेसरला पिना नसतात, त्या बोर्डाच्या सॉकेटात असतात. केसाएवढ्या बारीक, शेकड्यांनी. प्रोसेसर दोन बाजूंनी धरायचा, खाचा जुळवायच्या आणि सरळ खाली ठेवायचा. ढकलायचा नाही, सरकवायचा नाही. हात जरा हलला, एक कोपरा आधी टेकला, की पिना वाकल्या. मग तो बोर्ड भंगारात. नवशिके तिथेच मार खातात.

पण आपल्याला त्याची काळजी नाही. दादाचा हात! ज्याने काड्यापेटीएवढ्या घराला जिना लावला, कठड्यासकट, त्याला कसली भीती? तो डोळे मिटून बसवेल. म्हणून म्हणते, त्याचं घोडं अडलंय ते फक्त निवडण्यात. त्याला सांग, टिल्लू म्हणाली, तुझा हात असताना कुठलाही घे.

आणि हो, वाकलेल्या केसांचा उलगडा मलाही झाला नाही. उंदीर असतील.

टिल्लू


११ जुलै

टिल्लू,

कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

बोर्ड मंगळवारी आला. मी श्वास रोखून यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं, न विचारता मागवला म्हणून घर डोक्यावर घेतील. यांनी खोक्याच्या कडेचं वाचलं आणि म्हणाले, "हा नाही चालायचा. सॉकेट वेगळं आहे. त्याचं मॉडेल नुसतं मापासाठी होतं." झालं. उलट शीळ वाजवत चहा टाकायला गेले. चूक झाली म्हणून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. जणू कोणी परीक्षाच पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. ते नेमकं यांच्याच हातात पडलं. उघडलं नाही, टेबलावर ठेवून म्हणाले, "तुझ्या नणंदेचं आहे. सॉकेट शिकवणारी मुलगी कुठल्या दुकानात असते ते कळलं." कट फुटलाच होता, म्हणून मी तिथेच बसून मोठ्याने वाचायला लागले. तू ओरडलेलीस ते वाचलं, पुठ्ठ्याचं वाचलं, आम्ही दोघं हसलो. मग पिनांचं वाचलं. मग "दादाचा हात" ते तर मी चांगलं रंगवून वाचलं, डोळे मिटून बसवेल, कुठलाही घे. वाचून वर बघितलं.

हे हसत नव्हते. "बघतो जरा," म्हणाले आणि वर्कशॉपमध्ये गेले.

थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले. नादात कप भरून घेतला होता. दार उघडं होतं. हे पाठमोरे बसले होते. समोर पुठ्ठ्याचा बोर्ड, हातात पुठ्ठ्याचा प्रोसेसर. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं. आणि तरी तो हात थरथरत होता, टिल्लू. तो चौकोन खोबणीवर आणला, जुळवला, आणि एक कोपरा आधी टेकला. मी चिकटवलेले केस वाकले.

मी आल्याचं त्यांना कळलं. मागे न बघताच म्हणाले, "सकाळी जरा बरा असतो."

माझ्या हातातला चहा सांडला. 

ती मॉडेलं निवडायला नव्हतीच गं. तो सराव होता. कुठल्या बोर्डावर आपला हात चालेल, कुठे बोटाला टेकू मिळेल, ते हा माणूस रोज बघत होता, मी बाजारात गेले की. आणि मी म्हणाले, नाचता येईना. ते शब्द आता परत घेता येत नाहीत. अर्धा कप चहा, बारीक सुरी माझ्या हातात, छापील पत्ता, बोटाला जागा. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी कौतुक झालं म्हणून खुशीत खिडक्या कापत होते.

गेल्या हिवाळ्यापासून आहे. एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हा कंप जाणारही नाही. म्हणून तर ते सॉफ्टवेअर शिकले. माउस हलला तर परत करता येतं, सुरी हलली तर काम गेलं. मशीन उभं राहिलं की निभेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण मशीन उभं करायलाच हात हवा, तिथे गाडी अडली.

मी म्हटलं, दुकानातली मुलगी जोडून देईल की! तर म्हणाले, "ती विचारेल, काका, तुम्ही स्वतः का नाही? दुकान आणि आर्किटेक्टबाईंचं ऑफिस एकाच जिन्यावर आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. मग मॉडेलचं काम तरी कोण देईल मला?"

तुला सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. का, विचारलं. म्हणाले, "तिला माझं अक्षर आवडतं."

म्हणून सांगतेय. आता काय करायचं ते तू सांग. मला काही सुचत नाही.

वहिनी


१९ जुलै

वहिनी,

मी मशीनच्या खोलीत जाऊन रडले. तिथे पंख्यांचा इतका आवाज असतो की कोणाला ऐकू जात नाही. "डोळे मिटून बसवेल" लिहिणारी मी. आणि उंदीर म्हणे! दूर बसून शहाणपण सांगायला काय जातं?

आता ऐक. इतके दिवस मी चुकीचा प्रश्न सोडवत होते. सगळ्यात वेगवान बोर्ड कुठला, रुंद रस्ते कोणाचे, हेच बघत होते. दादा बरोबर प्रश्न विचारत होता, बोटाला जागा कुठे आहे? माणसाच्या हाताकडे बघून बोर्ड निवडायला काय हरकत आहे?

मी परत पहिल्यापासून बघितलं. एक सापडलाय, त्याचं पूर्ण नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तुमच्याच प्रोसेसरचा, तुमच्याच मेमरीचा. त्यावर ग्राफिक्स कार्ड सोडवायला मोठं बटण आहे, बोट घालून खटका शोधायला नको. साठवणीची पट्टी बसवायला तो मुंगीएवढा स्क्रू नाही, नुसतं बोटाने फिरवायचं. तारा खुपसायच्या भोकांचा मागचा पत्रा आधीच लावलेला. चालू करायचं बटण बोर्डावरच. काही बिघडलं तर एका छोट्या चौकटीत आकडा उमटतो, म्हणजे अंदाजाने खुडबूड करायला नको. त्याच्यापेक्षा थोडे वेगवान आहेत, ते राहू देत.

उरला प्रोसेसर. मी रजा काढून येऊ शकते. पण मी येणार नाही. वहिनी, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. त्या घरात इतकी वर्षं चिमट्याने झाडं कोण लावतंय? ब्रशाचे केस एकेक उभे करणारी बाई मला विचारते, काय करू?

तू बसवायचास. दादाने नाही, मी नाही, दुकानातल्या मुलीने नाही. कोपऱ्यात एक सोनेरी त्रिकोण असतो, बोर्डावरही असतो. त्रिकोणाला त्रिकोण, सरळ खाली, आणि सोडून द्यायचा. मग वरचा दांडा दाबून अडकवायचा. त्याला जोर लागतो आणि करकर वाजतं, घाबरू नका. तिथे हात हलला तरी चालतो. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहील. तेव्हाही घाबरू नका.

दादाला सांग, मला सगळं कळलंय, आणि मी रागावलेय. हाताबद्दल नाही. छापील पत्त्याबद्दल.

टिल्लू


५ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

बसला!

तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तर हे चिठ्ठी घेऊन बसलेले. म्हणाले, "हा बोर्ड मी बघितला होता. सगळ्यात सोपा हाच होता. म्हणून घेतला नाही. घेतला असता तर हात गेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं." मी म्हटलं, धन्य आहे तुमची! हसले थोडेसे.

बोर्ड आल्यावर सकाळी सकाळी टेबल पुसून बसलो. हे दिवा धरणार होते. दिवा थरथरायला लागल्यावर मी म्हटलं, "अहो, तो आधी टेबलावर ठेवा, नाट्यगृहात नंतर दिवे पाडा." मला वाटलं, लागलं की काय. पण हे इतके मोकळे हसले की मलाही धीर आला. मग प्रोसेसर उचलला. खरं सांगते, झाड पडलं तर दुसरं लावता येतं, याचं तसं नाही. त्रिकोण सापडेना. सापडला तर तो त्रिकोण आहे की ओरखडा ते कळेना. हे शेजारून म्हणत होते, "घाई नाही. श्वास सोडताना ठेव. श्वास घेताना हात वर येतो." मला त्यांनी हे कधीच शिकवलं नव्हतं. ठेवला. काही आवाज नाही, काही नाही. मी विचारलं, "बसला का?" म्हणाले, "बसला."

दांडा त्यांनी दाबला. करकर वाजलं तशी मी ओरडलेच. पण तो खटका अडकल्यावर यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

मग चालू केलं आणि पडदा काळा! पंखे फिरतात, दिवे लागतात, बोर्डावरच्या चौकटीत आकडे बदलतात, पडद्यावर मिट्ट काळोख. हे म्हणाले, पिना वाकल्या. मी म्हटलं, माझ्या हातून वाकणार नाहीत. हे म्हणाले, मेमरी उलटी बसली. मी म्हटलं, तुम्हीच बसवलीत. आमचं कडाक्याचं भांडण जुंपलं आणि ऐन भांडणात पडद्यावर अक्षरं आली. तू लिहिलं होतंस की वेळ लागेल. ते पान मी चष्म्याच्या घरात जपून ठेवलं होतं आणि चष्मा डोळ्यांवर होता.

आता एकच राहिलंय. हे म्हणतात, आर्किटेक्टबाईंना आपण होऊन सांगायचं. मी म्हटलं, कशाला हात दाखवून अवलक्षण? म्हणाले, "मॉडेल तू करणार आणि नाव माझं लागणार, हे मला जमायचं नाही." मला भीती वाटतेय. काम हातात आलंय ते जाऊ नये. पण त्यांचं ठरलंय.

वहिनी


२ ऑक्टोबर

टिल्लू,

हे पत्र लिहायला चार सकाळी लागल्या. वहिनीने टाइप करून देऊ का विचारलं. नको म्हटलं.

आर्किटेक्टबाईंना ऑगस्टमध्येच सांगितलं. हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, बघा. त्यांनी बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे मागच्या त्या शाळेच्या मॉडेलमधल्या खिडक्या कोणी कापल्या?" मी म्हटलं, हिने. म्हणाल्या, "त्या खिडक्यांबद्दल मला तुमचं कौतुक करायचं होतं, राहून गेलं." मी म्हटलं, तिचं करा. केलं. तेव्हापासून तुझी वहिनी जमिनीपासून चार बोटं वरून चालते.

गेल्या आठवड्यात समितीपुढे दाखवलं. मॉडेल तिचं, पडद्यावरचं माझं. दारातून आत शिरलो, खुर्च्यांमधून चाललो. माउस धरलेला हात थरथरत होता, लोकांना दिसतही होता. पण पडद्यावरची चाल सरळ होती. रंगमंचावर दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतलं कोणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि लाजलं. काम आपलं झालं. वर्कशॉप चालू राहील. दारावरच्या पाटीवर आता दोघांची नावं घालायची आहेत. अक्षरं ती कापणार.

पुठ्ठ्याचे बोर्ड टाकले नाहीत. तुला वसाहत हवी असेल तर एक पाठवतो. केस वाकलेले आहेत.

तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं. तुला अक्षर आवडायचं, म्हणून वाटलं, छापील बरं. तुला राग येईल हे लक्षातच आलं नाही.

पाकिटावरचा पत्ता मी लिहिला आहे. तुमच्या ड्रायव्हरला वाचता आला असेल, तरच हे तुझ्या हातात आहे.

दादा